चौथा पिंजरा

"आजी, छत्री बंद आहे ना अजून?"

"बंद आहे. तू पुढे बघ. मागे बघायचं काम माझं."

कयाक लाटेवर हलकेच वर गेली आणि खाली आली. पुढच्या बैठकीवर दहा वर्षांची आश्लेषा, मागे चौसष्ट वर्षांच्या सुप्रभाताई. दोघींच्या अंगात नारिंगी लाइफ जॅकेटं. दूर, वाळू संपते तिथे एक लहानशी आकृती उभी होती. ते ज्ञानेश्वरराव, सुप्रभाताईंचे यजमान. तीस वर्षं कार्डिफच्या कौन्सिलमध्ये नोकरी केली, पण समुद्रात घोट्यापलीकडे कधी उतरले नाहीत. त्यांच्या हातात मिटलेली काळी छत्री होती. वारा वाढला की त्यांनी ती उघडायची आणि छत्री उघडली की कयाक जिथे असेल तिथून मागे फिरवायची, असं सकाळीच ठरलं होतं. रेडिओवर दुपारनंतर वादळ सांगितलं होतं.

"आपण काय शोधतोय, सांग पुन्हा."

"बोया. फुटबॉलसारखा. त्याच्या खाली लांब दोर. दोरच्या खाली पिंजरा."

"कितवा?"

"चौथा!" आश्लेषा ओरडली. "आणि तो सापडला की एमलिन आजोबा घरी येणार. राइट?"

मुलांना खोटं सांगायचं नाही, असा सुप्रभाताईंचा नियम होता. "सापडला तर ग्वेनला कळेल की ते बरोबर सांगत होते. पुढचं पुढे."

एमलिन त्यांचे शेजारी. निवृत्त होऊन सुप्रभाताई आणि ज्ञानेश्वरराव गॉवरच्या किनाऱ्यावरच्या या गावात राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा उंच, बोलघेवडा म्हातारा कुंपणावरून दोन खेकडे घेऊन आला होता. हे कसे शिजवतात, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोच सुप्रभाताईंनी एक खेकडा मागून पाठीवर पकडला, नांग्या लागणार नाहीत असा, आणि उलटा करून नर की मादी ते बघितलं. एमलिन बघतच राहिला. आचऱ्याच्या खाडीत वडिलांबरोबर कुर्ल्या पकडत वाढलेली मुलगी त्याच्या शेजारी राहायला आली आहे, हे त्याला काय ठाऊक! त्यानंतरचे तीन उन्हाळे एमलिन आणि त्या या कयाकमधून पिंजरे टाकत होते. ज्ञानेश्वरराव किनाऱ्यावर शब्दकोडं सोडवत बसत आणि संध्याकाळी रस्सा ओरपत.

तीन आठवड्यांपूर्वी एमलिनला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. ब्रिस्टलहून त्याची मुलगी ग्वेन धावत आली. समुद्रात किती पिंजरे आहेत, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं डाव्या हाताची चार बोटं दाखवली. गावातल्या एकानं मोटरबोट नेऊन पिंजरे आणले. ते तीन निघाले. चौथा कुठेच नव्हता. ग्वेननं पुन्हा विचारलं. पुन्हा चार बोटं. रोज विचारलं, रोज चार.

"सुप्रभा, डॅडला आता तीन आणि चारातला फरकही कळत नाही," काल ग्वेन म्हणाली होती. तिचे डोळे सुजले होते. "समज शाबूत असेल तर मदतीला माणूस ठेवून घरी राहता येईल, असं डॉक्टर म्हणतात. पण त्यांना आकडेच कळत नसतील, तर स्टोव्हसमोर एकटं कसं सोडू? उद्या संध्याकाळी वृद्धांच्या नर्सिंग होमच्या कागदांवर सही करून टाकते."

मुलगी वाईट नव्हती. घाबरली होती. पण सुप्रभाताईंना ते पटेना.

कारण त्यांचं सगळं आयुष्य मोजण्यात गेलं होतं. कार्डिफच्या हॉस्पिटलात, तळघरात, ऑपरेशनची हत्यारं धुऊन, मोजून, वाफेत घालून, पुन्हा मोजून बांधायची, हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. ऑपरेशन त्यांनी एकदाही पाहिलं नाही. वर कोण वाचलं, कोण गेलं, हे त्यांना कधी कळलं नाही. खाली फक्त ट्रे येत. एकदा एका ट्रेमध्ये एक चिमटा कमी भरला. सगळे म्हणाले, यादीच चुकली असेल, सोड. सुप्रभाताई हटल्या नाहीत. वरून आलेल्या मळक्या चादरींच्या चार पिशव्या उपसल्या, आणि चिमटा शेवटच्या चादरीच्या घडीत सापडला. तेव्हापासून त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. आकडा जुळत नसेल, तर मोजणाऱ्याला वेड्यात काढण्याआधी चादरी झटकून बघाव्यात.

आज त्या समुद्र झटकत होत्या.

"आजी, बोया नसला तर जागा कशी कळते? पाण्यावर रोडचे नाव लिहिलेलं नसतं!"

"छान प्रश्न. ते बघ, देवळाचं टोक दिसतंय का? चॅपलचं?"

"हो."

"त्याच्या पुढे पांढरं घर आहे. आपण डावीकडे सरकलो की टोक घराच्या एका बाजूला जातं, उजवीकडे गेलो की दुसऱ्या बाजूला. टोक बरोब्बर घराच्या डोक्यावर आलं की थांबायचं. ही एक रेघ झाली. आता त्या अंगाला बघ. टेकडीवरचं वाकडं झाड आणि खालचा काळा खडक. तेही एकावर एक आले की झाली दुसरी रेघ."

आश्लेषा वल्हं मारता मारता थांबली. "आणि दोन रेघ क्रॉस होतात तिथे... तिथे एकच जागा असते!"

"शाबास! माझे वडील माडाचं झाड आणि देवळाचा कळस धरायचे. एमलिन चॅपल आणि घर धरतात. समुद्राला दोन्ही चालतात."

दोघी त्या जागेवर पोचल्या. पाणी स्वच्छ, हिरवं. बोया नव्हता. एमलिनच्या दुसऱ्या खुणेवर गेल्या. तिसऱ्या खुणेवर गेल्या. काही नाही. समोरून ढगांचा एक करडा पट्टा वर येऊ लागला होता.

"आपण पण चुकलो का?" आश्लेषाचा आवाज बारीक झाला.

सुप्रभाताईंनी डोळे मिटले. एमलिनचा हात त्यांना आठवला. चार बोटं वर. मग तोच हात खाली येऊन त्यांच्याकडे रोखला जाई. एकदा नाही, दरवेळी. चार, आणि मग त्या. ग्वेनला वाटे, पाणी मागतायत. सुप्रभाताईंना स्वतःला वाटलं होतं, काम माझ्यावर सोपवतायत.

त्यांनी डोळे उघडले. "अगं बाई!"

"काय?"

"चौथा माझा आहे! अशी कशी मी मठ्ठ!"

मागच्या उन्हाळ्यात बोलता बोलता त्या एमलिनला म्हणाल्या होत्या, "माझा स्वतःचा पिंजरा असता, तर मी तिथे टाकला असता." आणि ओहोळ समुद्राला मिळतो तिथल्या खडकांच्या पोटाशी बोट दाखवलं होतं. एमलिन मोठ्यानं हसला होता. तिथे नुसतं शेवाळ आहे, म्हणाला. गोड पाणी जिथे येतं तिथे कुर्ली येते, असं माझे बाबा सांगायचे, त्या म्हणाल्या होत्या. तो विषय तिथेच संपला होता. निदान त्यांना तसं वाटलं होतं.

"आशू, वल्हव! डावं, उजवं, डावं, उजवं! ओहोळाकडे!"

कयाक उडाल्यासारखी निघाली. आश्लेषा मोठ्यानं आकडे म्हणू लागली, मग आकडे सोडून नुसतीच ओरडू लागली. सुप्रभाताईंचे खांदे दुखत होते आणि त्या हसत होत्या. खडकांपाशी आल्या. पाहिलं. शेवाळ होतं. बोया नव्हता.

तेवढ्यात किनाऱ्यावर छत्री उघडली.

काळी, गोल, अगदी स्पष्ट.

"आजी, नको ना! फाइव्ह मिनिट्स!"

सुप्रभाताईंच्या तोंडापर्यंत "बरं" आलं होतं. पण समोरची दहा वर्षांची मुलगी उद्या कुणाबरोबर तरी समुद्रावर जाणार होती, परवा एकटी जाणार होती. "ठरलं ते ठरलं," त्या म्हणाल्या. "फिरव." आणि त्यांनीच वल्हं खुपसून कयाकचं तोंड किनाऱ्याकडे वळवलं.

वळताना आश्लेषाची नजर खडकाच्या मागच्या बाजूला गेली.

"आजी! पिवळं! पाण्याच्या आत पिवळं काहीतरी!"

खरंच होतं. पाण्याखाली हातभर खोल, शेवाळात, पिवळा गोळा हलत होता. दोर खडकाला गुंडाळला जाऊन आखूड झाला होता, आणि बोया पाण्याखाली ओढला गेला होता. भरतीला तो कुणालाच दिसला नसता. आता ओहोटी जवळजवळ तळाला आली होती, म्हणून दिसत होता. मोटरबोट भरतीच्या पाण्यात येऊन गेली होती.

दोघींनी किनाऱ्याकडे पाहिलं. छत्री उघडीच होती. सुप्रभाताईंनी ओठ घट्ट मिटले आणि किनाऱ्याच्या दिशेनं एक वल्हं मारलं. दुसरं मारलं.

छत्री मिटली.

मग अर्धी उघडली. परत मिटली. ती आकृती दोन्ही हात जोरजोरात हलवू लागली, नाही, नाही, अशी. वाऱ्यावरून तुटक आवाज आला, "अगं... पाऊस... टकलावर!"

चार थेंब पडले होते आणि ज्ञानेश्वररावांनी सवयीनं छत्री उघडली होती. आश्लेषा इतकी हसली की कयाक डुलायला लागली.

"घरी गेल्यावर बघते मी तुमच्याकडे!" सुप्रभाताई ओरडल्या, आणि तिसरं वल्हं उलटं मारलं.

आश्लेषानं वाकून दोर पकडला आणि खेचला. दोर हलेना.

"ओढू नकोस. अडकलेलं ओढून सुटत नाही. ज्या वाटेनं गुंतलं, त्याच वाटेनं उलटं जायचं. दोर कुठून कुठे गेलाय, बघ नीट. घाई नाही."

आश्लेषानं बघितलं. बोटानं हवेत वळसा काढला. "अशी गेला. मग आपण... अशी!" दोघी खडकाला उलटा फेरा घालून आल्या. दोर सैल झाला आणि पिवळा बोया टुणकन उडी मारून वर आला.

त्यावर काळ्या रंगानं काहीतरी लिहिलं होतं. अक्षरं वाकडी, जाड. आश्लेषानं बोया मांडीवर घेतला. गेली दोन वर्षं सुट्टीत आजी तिला मराठी अक्षरं शिकवत होती, आणि ती कंटाळत होती.

"सु," ती म्हणाली. मग थांबली. "प... नाही, प्र. भा." तिनं मागे वळून पाहिलं. "आजी, हे तू आहेस!"

वसंतात एका संध्याकाळी एमलिननं कुंपणावरून कागद पुढे केला होता. तुझं नाव तुझ्या लिपीत कसं दिसतं, लिहून दे. त्यांनी लिहून दिलं होतं आणि विसरल्या होत्या.

"दोर ओढ," त्या एवढंच म्हणाल्या. "हातावर हात. मी आहे मागे."

दोर थंडगार पाण्याची धार सोडत वर येऊ लागला. पिंजरा जड होता. आश्लेषा दात खाऊन ओढत होती. आधी नुसती सावली दिसली, मग जाळी, आणि मग आत काहीतरी हललं.

"आहेत! आहेत! आजी, हलतायत!"

पिंजरा मांडीवर आडवा आला. आत तीन खेकडे. तिन्ही जिवंत, तिन्ही भयंकर चिडलेले. सुप्रभाताईंनी जाळीचं दार उघडलं. पहिला लहान, तो लगेच पाण्यात. दुसरा तपकिरी, ताटलीएवढा नर. तो बादलीत, ज्ञानेश्वररावांच्या नशिबी. तिसरी लांब पायांची, काटेरी पाठीची मादी. त्यांनी ती उलटी केली. पोटाखाली केशरी अंड्यांचा घोस गच्च भरला होता.

"वॉव. ही सगळ्यात मोठी! ही एमलिन आजोबांना न्यायची?"

"माझ्या आईनं हीच ठेवली असती. गाभोळीची कुर्ली मोठ्या माणसाच्या ताटात वाढायची, असा आमच्याकडे मान. पहिल्या वर्षी मी अशीच एक एमलिनसाठी ठेवली होती. त्यांनी ती हातात घेतली, पाण्यात सोडली, आणि मला म्हणाले, सुप्रभा, ही पुढच्या वर्षीचे खेकडे घेऊन चाललीय."

आश्लेषानं विचार केला. "मी सोडू?"

"मागून धर. अंगठा खाली. घाबरू नकोस, तीही घाबरलीय."

आश्लेषानं ती दोन्ही हातांनी पाण्याला लावली. मादी क्षणभर तशीच राहिली, मग तिरकी होऊन हिरव्या पाण्यात दिसेनाशी झाली.

किनाऱ्यावर छत्री पुन्हा उघडली. या वेळी ती वाऱ्यानं उलटी झाली. दोघी मुकाट्यानं निघाल्या, पिंजरा मागे बांधून.

सहा वाजता त्या हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा खिडक्यांवर पाऊस आपटत होता. ग्वेन पलंगाशेजारी बसली होती, मांडीवर कागद, हातात पेन. एमलिन उशीला टेकून होता. सुप्रभाताईंनी पिशवीतून पिवळा बोया काढला आणि त्याच्या चादरीवर ठेवला. तळहाताएवढं शेवाळ अजून त्याला चिकटलेलं होतं.

"चौथा," त्या ग्वेनला म्हणाल्या. "तीन तुझ्या वडिलांचे. हा माझ्यासाठी टाकलेला. मलाच सांगितलं नव्हतं त्यांनी."

ग्वेननं बोया फिरवून पाहिला. "हे काय लिहिलंय?"

"सुप्रभा," आश्लेषा म्हणाली. "मी वाचलं. समुद्रात."

ग्वेननं त्या वाकड्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग ती वडिलांकडे वळली.

"डॅड. आता समुद्रात पिंजरे किती आहेत?"

एमलिननं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं सुप्रभाताईंकडे पाहिलं.

"सगळे वर आले," त्या हळू म्हणाल्या. "चारही. दोर, बोये, सगळं. अंगणात ठेवलेत, तुमच्या भिंतीशी."

त्यानं डावा हात उचलला. चार बोटं वर केली. ग्वेननं डोळे मिटून घेतले.

मग त्यानं करंगळी मिटली. तिच्याशेजारचं बोट मिटलं. मधलं मिटलं. तर्जनी थोडा वेळ तशीच राहिली, खिडकीपलीकडच्या अंधारणाऱ्या समुद्राकडे रोखल्यासारखी. मग तीही त्यानं मिटली, आणि मूठ अलगद चादरीवर, बोयाच्या शेजारी ठेवली.