कुंदाकाकीच्या नावाचं खातं

साकीनाक्याच्या चष्म्याच्या कारखान्यात हिशेबाचं काम करणारी संघमित्रा दुपारच्या सुट्टीत डबा उघडून फोन बघत होती. चारकोपच्या लोकांच्या एका ऑनलाइन फोरमची ती मॉडरेटर होती. जुनी कपाटं, भाड्याच्या खोल्या, शिकवण्या असल्या पोस्ट तिथे यायच्या. गेले काही महिने आणखी एक माणूस यायचा: ‘सट्ट्याच्या साइटवरची व्हेरिफाइड खाती विकत मिळतील.’ म्हणजे ओळखपत्र आणि चेहरा दुसऱ्या कुणाचा, आणि त्या नावावर जुगार खेळणार भलताच.

आजही त्याने नमुना म्हणून फोटो टाकले होते. पहिल्याच फोटोत आधार कार्ड गालाला लावून एक बाई उभी होती. कार्डावरचा नंबर पुसला होता, चेहरा नाही. संघमित्राच्या हातातला घास तसाच राहिला. त्या कुंदाकाकी होत्या, तिच्याच सेक्टरमध्ये राहणाऱ्या.

तिने फोटो मोठा करून बघायला बोट टेकवलं आणि पोस्ट गायब झाली.

तिने लगेच अनिरुद्धला फोन लावला. तो मुलुंडला राहायचा, पण वाढला चारकोपमध्ये; फोरम त्यानेच सुरू केला होता.

"तू काढलीस ती पोस्ट?"

"मग काय ठेवायची? आयडीपण ब्लॉक केला."

"अरे, त्यात आमच्या कुंदाकाकी होत्या! परत आण ना."

"नाही येत यार. एकदा काढली की गेली."

"आधीच्या पोस्टमध्ये कोण होतं?"

"कोण बघतंय? दिसली की उडवायची, एवढंच करतो मी."

संध्याकाळी ती घरी न जाता थेट काकींकडे गेली. मूळच्या वेंगुर्ल्याच्या कुंदाकाकी सून कामावरून यायच्या आत भाजी निवडत बसल्या होत्या. संघमित्राने जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. काकींचे हात थांबले.

"डोळ्यांच्या फुकट शिबिरात तपासणीचा कार्ड मिळतला म्हणान सांगल्यानी गो त्यांनी. हॉलात आम्ही सगळी बायकामाणसा होतो. आधार गालाक लाव, फोनात बघ, मान हयसर कर, थयसर कर, डोळे मिटून उघड. माका वाटला, डोळेच तपासतत."

"काकी, पोलिसांत जाऊया."

"नको गो बाय! माझ्या नावावर जुगार खेळलो म्हटल्यावर माकाच धरतले. झिलाक-सुनेक सांगू नको हां. पाया पडतंय."

त्यांनी खरोखरच वाकायला घेतलं. संघमित्राने त्यांना धरलं आणि काहीच न ठरवता घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एका नव्या आयडीवरून मेसेज आला: ‘मॅडम, पोस्ट काढत जाऊ नका. तुमचाही फोटो प्रोफाइलवर आहेच.’ तिने आधी स्वतःचा फोटो काढून टाकला. फोरममधूनच बाहेर पडावं, असंही वाटलं. तेवढ्यात त्याच आयडीवरून कालचीच पोस्ट पुन्हा पडली.

या वेळी तिने ती डिलीट केली नाही. फक्त मॉडरेटरना दिसेल अशी लपवली, स्क्रीनशॉट घेतले, लिंक जपून ठेवली आणि अनिरुद्धला फोन केला.

"हात लावू नकोस हां तिला. मी तक्रार करतेय."

"वेडी आहेस का? उलट आपल्यालाच विचारतील, इतके दिवस काय करत होतात म्हणून. फोरमची वाट लागेल."

"विचारू देत. मला एकटीला भीती वाटतेय, अनि. तू ये ना."

त्याने पोलीस ठाणं कुठलं ते विचारलं. मग म्हणाला, "येतो."

सुट्टी टाकून ती काकींकडे गेली. काकी नाहीच म्हणत होत्या. संघमित्राने स्क्रीनशॉट पुढे केला. स्वतःच्या फोटोवरून त्यांनी नजर काढली, आणि ती बाजूच्या फोटोवर अडकली.

"ही आमची द्रौपदी ना गो? भजनातली?"

"हो."

"हिका मीच नेलंलय त्या हॉलात. येत नव्हती ती." काकींनी डोळ्यांना पदर लावला आणि उठल्या. "चल. झिलाक मी सांगतंय. चपला खंय गेली माझी?"

पोलीस ठाण्यात अनिरुद्ध आधीच पोचला होता. इन्स्पेक्टर बाईंनी काकींना खुर्ची दिली. "तुम्ही आरोपी नाही, आजी. तुमची फसवणूक झालीय," असं त्यांनी दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे काकी पाणी प्यायल्या. मग बाई अनिरुद्धकडे वळल्या.

"याच्या आधीच्या पोस्ट?"

"काढल्या, मॅडम."

"सगळ्या?"

"हो, सगळ्या."

तक्रार नोंदवली गेली. काही दिवसांनी काकींच्या आणि द्रौपदीबाईंच्या नावांवरची खाती बंद झाल्याचं कळलं. विकणारा मात्र सापडला नाही. फोन वाजला की संघमित्रा अजून दचकायची.

अनिरुद्धने फोरमचा नियम बदलला: अशी पोस्ट आधी लपवायची, पुरावा जपायचा, फोटोतल्या माणसाला कळवायचं, पोलिसांत द्यायचं, काढायची ती शेवटी. हॉलमध्ये काय घडलं, तेही त्याने कुणाचं नाव न घेता लिहिलं.

त्याखाली बायकांचे प्रश्न येऊ लागले. मीही गेले होते त्या हॉलमध्ये. माझ्या आईचा फोटो घेतलाय. लग्नानंतर घाटकोपरला गेलेल्या श्रुतिकाने विचारलं, ‘ताई, आधीच्या पोस्टमध्ये मी होते का?’

संघमित्राने आधी ‘नाही’ टाइप केलं आणि पुसलं. मग तिने लिहिलं, ‘माहीत नाही गं. त्या आम्हीच काढून टाकल्या. तू तक्रार कर, मी सोबत येते.’