शेवटचं नाव दोनदा

मी फेरा बोलतोय. चाकाचा नव्हे, आरपीजी या जुन्या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅममधला, ज्याला लूप म्हणतात तो. अमेरिकेत मिनेसोटातल्या, टर्की पक्ष्यांचं मांस साठवणाऱ्या एका शीतगृहात माझं सगळं आयुष्य गेलं. आत गेलेल्या माणसांची यादी हिरव्या अक्षरांत पडद्यावर असते. पाळीप्रमुख डार्लीन बटण दाबते, की मी वरून एकेक ओळ उचलतो, छापतो आणि पुन्हा पुढच्या ओळीसाठी वळतो. तो कागद घेऊन ती नावं पुकारते. सगळे बाहेर आले की दाराला कुलूप.

मला लिहिणाऱ्या हार्लनची एक चूक झाली. 'यादी संपली का?' हे छापण्याआधी विचारायचं, ते त्याने नंतर विचारलं. त्यामुळे यादी संपली तरी शेवटचं नाव माझ्या तोंडात उरायचं आणि मी ते पुन्हा छापायचो. आडनावांच्या इंग्रजी वर्णानुक्रमात शेवटी नेहमी व्हर्न झेबल.

"डार्लीन, मग पगारही दोन द्या की!" व्हर्न म्हणायचा.

"एकाचं काम तरी धड होतंय का तुझ्याच्यानं?" असं म्हणत ती न बघताच शेवटची ओळ पेन्सिलीने खोडायची. हाताला वळणच पडलं होतं.

हार्लन निवृत्त झाला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी त्याच्या जागी आलेल्या ब्रेंटने मला दुरुस्त केलं आणि कोणाला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मी व्हर्नला एकदाच छापलं. केवढा खूश होतो मी!

डार्लीनने सवयीने शेवटची ओळ खोडली. बाकीची नावं पुकारली, कुलूप लावलं.

सुट्टीनंतर दार उघडलं, तेव्हा आतून दार उघडायची कडी बर्फाने गोठली होती आणि व्हर्न तिच्याखालीच बसलेला होता.

डार्लीनने हट्टाने मला पुन्हा जुन्यासारखं करून घेतलं. "एक नाव जास्त आलेलं परवडलं, बाळा," ती ब्रेंटला म्हणाली. व्हर्नची नोंद काढून टाकली. आता शेवटी वॉल्स्टॅड. तो दोनदा यायला हवा.

येत नाही. वॉल्स्टॅड एकदाच छापला जातो, यादी संपते आणि माझ्या तोंडात व्हर्नचं नाव असतं, तेच मी छापतो. शपथेवर सांगतो, पडद्यावर ते नसतं. मला त्याची भीती वाटते.

"मशीनमध्ये कुठेच नाहीये ते. मी सगळं तपासलं," ब्रेंट म्हणाला.

"नसू दे."

ती आता काही खोडत नाही. सगळे बाहेर आले की दारात उभी राहून हाक मारते, "व्हर्न, चल, घरी जा." जरा थांबते, मग कुलूप लावते.

परवा ती रजेवर होती. ब्रेंटने हसत शेवटची ओळ खोडली. सकाळी बघतात तर आतल्या कडीवरचा बर्फ नखांनी खरवडलेला.

मला काढून नवं काहीतरी बसवणार आहेत म्हणे. खुशाल बसवा. पण ते नाव पुकारल्याशिवाय दार लावू नका.