झुंबरबाईचं लेट

मी ‘लेट’ बोलतोय. होय, तुमच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. जन्म साहेबाच्या देशातला, पण निजामाच्या रेल्वेतून परतूर स्टेशनात उतरलो आणि इथलाच झालो. हमाल ख्वाजामियाँ ओरडायचा, “गाडी लेट है, लेट जाओ!” माणसं हसत फलाटावर पथाऱ्या पसरायची. मला कुणी परकं मानलं नाही.

मग मोठी लढाई पेटली. आष्टीच्या झुंबरबाईचा नवरा भुजंग फौजेतून ब्रह्मदेशाकडे गेला. वर्षानं इंग्रजी पत्र आलं, ते घेऊन ती तिकीटबाबू रामरावांकडे आली.

रामरावांचं इंग्रजी तिकिटापुरतं. नाव वाचलं, सामानाचा शब्द ओळखला, मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “अगं, भुजंग सामान घेऊन येऊन राह्यलाय. जरा लेट आहे, बस!”

पत्रात मी भुजंगच्या नावाआधी होतो. साहेब मला तिथे लावतो तेव्हा तो माणूस मेलेला असतो. मला ठाऊक होतं, पण शब्दाला स्वतःहून खुलासा करता येत नाही.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी झुंबरबाई फलाटावर हजर. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? म्हणून ती मलाच पुढे करायची. “बाबूसाहेब, आमचं लेट आलं का?” आणि लाजून पदर सावरायची. सात महिने मी तिचा नवरा होतो. इतक्या मायेनं मला साहेबाच्या देशातही कुणी उच्चारलं नव्हतं. मी मात्र तिला फसवत होतो.

एके दिवशी गाडी चक्क वेळेवर आली. ख्वाजामियाँनं पत्र्याची पेटी उतरवली.

“पेटी आली! मालक कोन्त्या डब्यात हाय?” म्हणत झुंबरबाई एकेक डबा बघत इंजिनापर्यंत गेली. पेटीवर भुजंगच्या नावाआधी पुन्हा मीच होतो. गार्डनं रामरावांना माझा अर्थ सांगितला.

ती परतली तेव्हा रामरावांनी कसंबसं खरं ते सांगितलं.

“लेट म्हंजी येतो, म्हनला व्हतात ना तुमी?”

रामरावांना मान वर करता आली नाही. मलाही नाही.

तिनं पेटीवर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांदेखत नाव घेतलं, “भुजंगा!”

बाबांनो, गाडीला मला खुशाल लावा. माणसाच्या नावाआधी दिसलो, तर मात्र आधी कुणा जाणत्याला विचारा.

झुंबरबाई अजून बाजाराला येते. गाडी खोळंबली की ख्वाजामियाँ माझ्या नावानं ओरडायला तोंड उघडतो.

“उशीर हाय म्हना, चाचा,” ती म्हणते.