बँकेचा माणूस येणार म्हणून

घर आवरावं, पण त्यालाही काही सुमार असतो की नाही! पंखेवाला सुटे भाग आणायला बाजारात गेला आणि तेवढ्यात बायकोने पुढची खोली लख्ख करून टाकली. जळलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची वेटोळी, दुरुस्तीला आलेले पंखे, सगळं शेजारणीच्या माळ्यावर. तो परत येऊन बघतो तर एरवी बूड टेकायला जागा नसायची तिथे आज सतरंजी, आणि सतरंजीवर बँकेचा माणूस.

गृहकर्जाचा अर्ज केला होता. पगाराची पावती नाही, म्हणून धंदा खरोखर चालतो का हे बघायला बँकेने माणूस धाडला होता. इकडे घरमालकाने ही जागा विकायला काढलेली. कर्ज नाही मिळालं तर नव्या घराचा बयाणा बुडणार आणि बिऱ्हाड रस्त्यावर येणार.

"दुकान कुठाय तुमचं?" त्या माणसाने विचारलं.

"हेच की, साहेब."

"हे?"

पंखेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. बायको धडपडत उठली. "शेजारी ठेवलंय हो सगळं. आत्ता आणते."

"राहू द्या ताई. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सामान गोळा करून दुकान मांडणारे रोज भेटतात मला." त्याने पेनाला टोपण लावलं.

झालं! आता कपाळाला हात लावायचा, दुसरं काय?

एवढ्यात दारातून आवाज आला, "आहे का तो लबाड घरात?" कोपऱ्यावरच्या शाळेतल्या मोठ्या बाई आत आल्या. "उद्या देतो, उद्या देतो! उकाड्याने जीव चाललाय इथे. तुझ्या दारी खेटे घालून चपला झिजल्या. मागच्या वेळी मोटारीत तार चांगली भरलीस म्हणून आले, नाहीतर तोंड बघितलं नसतं तुझं! आणि पंखा कुठाय माझा? विकलास की काय?"

गिऱ्हाईक तापलं की पंखेवाला मागच्या दाराने पसार व्हायचा. आज तो हात जोडून उभा राहिला. "बोला बाई, अजून बोला."

"निर्लज्ज मेला!"

बँकेचा माणूस खो खो हसला. "किती वर्षं येताय बाई?"

"याचा बाप होता तेव्हापासून. तोही असलाच!"

टोपण पुन्हा निघालं. "सामान उसनं मिळतं हो," लिहिता लिहिता तो म्हणाला, "असल्या शिव्या कोण उसन्या देणार? धंदा चालू आहे. माझ्याकडून होकार. आता नुसती साहेबांची सही, की घर झालं तुमचं."

तो गेला आणि बायकोने मटकन बसकण मारली. "मीच घालवलं असतं हो सगळं! म्हटलं, पसारा बघून नको म्हणतील." रडता रडताच तिला हसू फुटलं.

बाई मात्र पंखा घेतल्याशिवाय हलायला तयार नव्हत्या. "नव्या घराचा पत्ता सांगून ठेव बाबा," त्या फणकारल्या, "पुढचे खेटे तिकडेच घालायचेत ना!"

नवं घर असं इतक्या सहज कुणी म्हटलेलं पंखेवाल्याने पहिल्यांदाच ऐकलं. तो पत्ता सांगू लागला, पण अर्ध्यावरच डोळे पुसू लागला आणि शेवटी बायकोनेच तो पुरा केला.