काचेआडच्या झारीची कैफियत

मित्रांनो, अन्न दान केलेले असो वा विकलेले, वाढणाऱ्याने जेवणाऱ्याच्या मुखाकडे पाहावे, हा धर्म आहे. जिथे केवळ ताट सजते, तिथे सुग्रास अन्नापाशी बसूनही मनुष्य उपाशी राहतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

मी एक जुनी पितळी झारी आहे. वसमतच्या एका नामांकित भोजनगृहात माझे आयुष्य गेले. तांबटाने मला ठोकून घडवले, कल्हईवाल्याने आतून उजळले आणि मालक पुनमचंदशेठ यांनी माझ्यात साजूक तूप भरले. पहिल्या घासापूर्वी अन्नावर तुपाची धार धरतात, तिला अन्नशुद्धी म्हणतात. ही सेवा शेठ कोणावरही सोपवीत नसत. पाहुण्याने ताटावर तळहात आडवा धरला, तेव्हाच ती धार थांबे. हळदीचा सौदा आटोपून आलेले शेतकरी म्हणत, "शेटजी, बुडवता का आता!" आणि तळहात मात्र सावकाश आणीत.

शेठ निवर्तले. त्यांचे चिरंजीव विजयकुमार यांनी भोजनगृहाचे रूप पालटले. गार हवा आली, मंद दिवे आले, काळ्या दगडाची ताटे आली. मला घासूनपुसून काचेच्या कपाटात बसवले. लोक येतात, माझ्याकडे पाठ करून स्वतःचीच छबी टिपतात. हा म्हणे माझा सन्मान! आतली कल्हई केव्हाच गेली आहे, तिकडे कोण पाहतो?

अलीकडेच एका सायंकाळी आखाडा बाळापूरकडचे किसनराव आपल्या पत्नीला, शालूबाईंना घेऊन आले. दोघेही शेठांच्या वेळचे पाहुणे. शालूबाई मोठ्या आजारातून उठल्या होत्या. पण अन्नावरची वासना काही परतली नव्हती. घरी ताट समोर आले की त्या मान फिरवीत. "इथली पुरणपोळी तरी खाशील," असे म्हणत किसनरावांनी त्यांना खुर्चीवर बसवले.

पोळी आली. हातभर ताटात तळहाताएवढी पोळी, वर एक फूल, कडेला तीन पिवळे ठिपके. दोघेही हात आवरून बसले. अन्नशुद्धीवाचून घास मोडण्याची त्यांना सवयच नव्हती.

"पोळी गार होऊन राहिली," शालूबाई म्हणाल्या.

"थांब जरा. तूप येऊन राहिलं असंल."

आले ते तूप नव्हे, वाढपी आला. न शिवलेले ताट म्हणजे नावडलेले ताट, अशी त्याला शिकवण होती. त्याने अदबीने वाकून दोन्ही ताटे उचलली.

"अरे बाबा, ताट काहून उचललं? आमी जेवलोच न्हाई!" किसनराव ओरडले.

विजयकुमार धावत आले. "काका, काय झालं? तूप तर होतं. कडेला ते थेंब होते ना?"

"ते तूप व्हय? मला वाटलं, वाढताना सांडलं!"

विजयकुमार ओशाळून हसले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केले. "ती पाहा, बाबांची झारी. आम्ही जपून ठेवली आहे. फोटो काढू का दोघांचा?"

"फोटोनं घास उतरंल व्हय हिच्या नरड्यातून? तुझा बाप असता तर..."

काचेआड मी जळफळत होते. दोन हातांवर झारी, आणि पाहुणे कोरडे!

तेवढ्यात शालूबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "ऱ्हाऊ द्या ते. चला घरी. भाकर थापते, पिठलं टाकते. भूक लागली मला."

किसनराव वाक्याच्या मध्येच थांबले. "काय म्हणलीस?"

"भूक लागली म्हणलं. कान गेले काय तुमचे?"

"नवीन ताटं लावतो, काकू," विजयकुमार म्हणाले.

"तुझ्या ठिपक्यानं काय व्हतंय लेकरा!"

इतके महिने ज्या शब्दाची वाट पाहिली, तो ऐकल्यावर किसनरावांना भांडण सुचेना. ते घाईघाईने गाडीची किल्ली शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती.

मित्रांनो, जुनी वस्तू पुसून ठेवणे म्हणजे तिला सांभाळणे नव्हे. तिच्याकडून जी सेवा होत होती, ती चालू ठेवावी. वस्तू मोडली तरी चालेल.

विजयकुमारांवर माझा राग आहे, पण शाप नाही. पाहुण्याच्या मुखाकडे पाहण्याची बुद्धी त्यांना लाभो. आणि बाळापूरकडच्या त्या घरात शालूबाईंच्या हातची भाकर फुगो, त्यांना आणखी एक घ्यावीशी वाटो, आणि समोर बसलेल्या किसनरावांचे डोळे निवोत.