एका शेळीचं तीनदा वाटप

मी शेळी बोलतेय. दचकू नका, माझ्याहून कमी अक्कल असलेले या शहरात माइकवर बोलतात. शिक्षण म्हणाल तर उस्मानपुऱ्यातल्या एका ऑफिसच्या दारात चार महिने बांधलेली होते, तिथं जेवढे कागद चघळले तेवढं.

छावणीच्या आठवडी बाजारात मला वहिदाआपांनी घेतलं. आपा म्हणजे रिटायर नर्स. एकट्या बायांसाठी त्यांनी मंडळ काढलं होतं. मंडळ म्हणजे एक खोली, एक पंखा अन् बन्सी नावाचा कारकून. दिल्लीच्या कुठल्याशा संस्थेनं कबूल केलं होतं, की आधी एक शेळी वाटून दाखवा, फोटो धाडा, मग बाकीच्या अकरा देऊ.

यादीत पहिलं नाव दगडाबाईचं. नवरा गेलेला, चार घरची धुणीभांडी, साबणानं हाताला भेगा. "शेळी आली की दूध विकीन अन् दोन घरं सोडीन," म्हणायची.

पण शेळी नुसती द्यायची नसते. तिला पाहुणा लागतो. मंडळाची खोली तात्यासाहेबांच्या इमारतीत, म्हणून पाहुणे तात्यासाहेब. ते तीन तास उशिरा आले अन् माझ्यावर चाळीस मिनिटं बोलले. तेवढ्यात मी त्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार निम्मा खाल्ला. टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, भाषणाला.

फोटो निघाला. दगडाबाई मला घेऊन निघाली, तोच बन्सी धावत आला.

"मावशी, थांबा! आप्पासाहेबांचा फोन आलाय. त्यांच्या हातून वाटली, मग आमच्या हातून का नाय म्हणतात."

आप्पासाहेब तात्यासाहेबांच्या विरोधातले, अन् मंडळाच्या शिबिराला मैदान मिळायचं ते त्यांच्या शब्दावर. महिन्यानं त्यांनी मला वाटलं. त्याच्या पुढच्या महिन्यात एका मोठ्या साहेबांनी वाटलं. मंडळाच्या नोंदणीचा कागद त्यांच्या टेबलावर अडकला होता, अन् साहेबांना फोटोची लई हौस. तिन्ही वेळा दगडाबाई तेच ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली, तिन्ही वेळा मी परत ऑफिसच्या दारात. दूध माझं पाहुण्यांच्या चहात.

"आपा, तीन डाव मिळाली की हो मला शेळी," दगडाबाई म्हणाली. "आता दूध तेवढं दाखवा एकदा."

"क्या करूं गं माय," आपा म्हणाल्या. "या तिघांतला एक जरी रुसला तर मंडळ बंद पडंल. मग तुला काय देऊ?"

इकडं बन्सीनं तिन्ही फोटो दिल्लीला धाडून दिले. जास्त फोटो म्हणजे जास्त काम, असा त्याचा हिशोब. तिकडून थेट माणूसच आला. कडक इस्त्रीचा झब्बा, खांद्याला झोळी. दगडाबाईलाही त्यानं बोलावून समोर बसवलं. तिन्ही फोटो टेबलावर मांडून म्हणाला, "एक औरत को तीन बकरियाँ? दो वापस करनी पड़ेंगी."

जिच्या दारात एक शेळी नाही, तिच्याकडं दोन निघाल्या! मला असं हसू फुटलं, की रवंथ घशात अडकला.

बन्सी आपांच्या कानाशी लागला, "शेजारच्या कडूबाच्या दोन शेळ्या आणून बांधू का घंटाभर?" आपांनी त्याला नजरेनंच गप्प केलं अन् सगळं खरं सांगून टाकलं. शेळी एकच, पाहुणे तीन, अन् ही काय, दारातच आहे.

दिल्लीवाल्यानं झोळी उचलली. "मतलब, बकरी बँटी ही नहीं. बाकी ग्यारह कॅन्सल."

आपा खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. दगडाबाई उठली, दारात आली अन् माझी दोरी सोडली.

"मावशी, अशी कशी नेता?" बन्सी ओरडला. "कुणाच्या हातून घेतली म्हणून लिहू?"

"माझ्या," ती म्हणाली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाय.

त्याला तीन वर्षं झाली. अकरा शेळ्या काही आल्या नाहीत. खोली तात्यासाहेबांनी प्रचाराला परत घेतली. आपा आता घराच्या ओट्यावर मंडळ चालवतात. दगडाबाईनं दोन घरं सोडली. तिच्या दारात झालेले माझे दोन बोकड विकून छपरावर पत्रे टाकले. मग मला पाट झाली, म्हणजे लेक, माझ्यासारखीच काळी अन् आगाऊ. ती जरा मोठी झाल्यावर, गेल्या जुम्म्याला, दगडाबाई तिला घेऊन आपांच्या ओट्यावर गेली. मीही गेले मागंमागं.

"आपा, यादीत दुसरं नाव कुणाचं?"

"द्वारकाबाईचं."

"बोलवा."

द्वारकाबाई पिठाच्या हातानंच आली. दोरी घेतली, पदरानं डोळे पुसले अन् गेली. कोपऱ्यावर तात्यासाहेबांची गाडी थांबली. काच खाली झाली.

"कार्यक्रम किती वाजता हाय, आपा?"

"झाला," दगडाबाई म्हणाली.

यादीत अजून दहा नावं आहेत, अन् माझे दात झिजत आलेत. तुमच्याकडं एवढंच मागणं: येताना हार आणू नका, माइक तर नकोच. थोडा बाभळीचा पाला टाका अन् गुपचूप जा.