बांबूतल्या तीन माश्या

भाच्याच्या पत्राला भिवाजींनी हिवाळाभर उत्तर दिलं नव्हतं. बोरगावच्या देवीदासनं विचारलं होतं, "मामाजी, रोगानं पेट्यांतल्या मधमाश्यांची पिलं मेली. रिकाम्या पेट्या अजून बगिच्यातच आहेत. बांबूत एकेकट्या राहणाऱ्या माश्यांनाही तो लागेल काय? त्याही गेल्या तर संत्र्याले फळ कसं धरंन?" सोबत त्यानं अशा माशीनं मातीनं तोंड लिंपलेला बांबूचा तुकडा पाठवला होता.

सौंसरच्या वाचनालयातल्या पुस्तकात पेटीतल्या माशीच्या रोगाच्या विषाणूची माहिती होती, एकट्या माशीबद्दल अवाक्षर नव्हतं. बांबू चिरावा तर आतली पिलं मरायची. भिवाजींनी तो ओसरीत टांगला.

"पोरगा वाट पाहून राहिला," त्यांच्या पत्नी अंबाबाई म्हणाल्या, "अन् तुम्ही बांबूकडं पाहून राहिले!"

संत्र्याचा बहार फुटला तसं बांबूचं लिंपणही फुटलं. तीन माश्या निघाल्या. दोन उडाल्या, तिसरीचे पंख चुरगळलेलेच राहिले, ती खाली पडली.

भिवाजींनी पाहिलं तेवढंच लिहिलं. पुढं जोडलं, "हा तोच रोग का, मला सांगता येत नाही. तरी जुन्या पेट्या फुलांजवळ ठेवू नकोस, जाळून टाक."

पत्र टाकल्यावर वाटलं, खात्री नसताना पेट्या जाळायला सांगितल्या, परत घ्यावं. पण टपालपेटीच्या फटीत हात जात नव्हता, हे त्यांना बरंच वाटलं.